तिम्मोजीमामा गादी बघतात

तिम्मोजीमामा गादीच्या दुकानात शिरले की आधी चपला काढायचे. मग चष्मा एका खिशात, घड्याळ दुसऱ्या खिशात, आणि "हं, कुठली?" असं विचारून दुकानदारानं बोट दाखवायचा अवकाश, की आडवे! टेकून बसणं नाही, हातानं चाचपणं नाही, थेट आडवे. आपण बाकीची माणसं गादी कशी घेतो? एका बोटानं दाबतो, 'छान आहे हो' म्हणतो, कापडाचा रंग बघतो आणि घरी आणून पुढची कित्येक वर्षं कंबर धरून बसतो. मामांना याची भयंकर चीड. "गादी काय फणस आहे का, दाबून बघायला?" ते म्हणायचे. "चप्पल पायात घालून बघता, टोपी डोक्यावर घालून बघता. मग गादीचीच का लाज? ज्या अंगानं वापरायची त्या अंगानं बघा की!"

हे मामा माझे नव्हेत, सरोजाचे. सरोजा माझ्या ऑफिसात शेजारच्या टेबलावर बसायची. नव्वदीच्या सुरुवातीला मी आणि माझे यजमान साताऱ्याहून बदली होऊन बेंगळूरला आलो, तेव्हा भाड्याचं घर तिनंच शोधून दिलं, तेही स्वतःच्या घरासमोर. त्यांचं घराणं मूळ आपल्याकडचंच, पण तीन-चारशे वर्षांपूर्वी कुठल्याशा फौजेबरोबर इकडं आलेलं आणि इथलंच होऊन गेलेलं. घरात मराठीच बोलत, पण कशी? पहिल्याच दिवशी मामांनी मला ओट्यावरून हाक मारली, "ये की, बस. स्वल्प कॉफी घे. साताऱ्याचे का तुम्ही? मग आपलेच की, सरी!" सरी म्हणजे कानडीत 'बरं'. त्या दिवसापासून माझं नाव गेलं ते गेलंच. मी त्यांच्यासाठी 'सातारा' झाले. "काय सातारा, झोप लागली का?" हे त्यांचं सकाळचं पहिलं वाक्य. लोक जेवलात का विचारतात, मामा झोपलात का विचारायचे, आणि उत्तर येईपर्यंत रस्ता सोडायचे नाहीत.

भरघोस मिशा, गुडघ्यापर्यंत पांढरी लुंगी, आणि पोट असं की बनियन कायम वर सरकलेलं. एका कारखान्याच्या तपासणी खात्यात त्यांनी जन्म काढला होता. समोर आलेला प्रत्येक भाग मापून बघायचा आणि 'पास' किंवा 'रिजेक्ट' म्हणायचं, हे काम. लवकर निवृत्ती घेतली, पण खातं काही बंद केलं नाही. भाजीवालीचं वांगं रिजेक्ट, गल्लीतला नवा दिवा पास, आमच्या यजमानांची मिशी रिजेक्ट. यजमानांनी त्या आठवड्यात मिशी काढली! मी लग्नापासून सांगत होते, तेव्हा नाही काढली.

घरात माणसं तिघं. मामा, त्यांची मोठी बहीण लक्ष्मीअक्का आणि अक्काची मुलगी सरोजा. अक्काचे यजमान सरोजा रांगत असतानाच गेले. मामांनी बहिणीला आणि भाचीला घरी आणलं आणि स्वतःचं लग्न राहूनच गेलं. का नाही केलंत म्हणून विचारलं तर म्हणायचे, "माप जमलं नाही." पण गल्लीतल्या सगळ्यांना माहीत होतं की मामांनी ते कधी मापायलाच घेतलं नव्हतं.

आता गाद्यांचं हे वेड आलं कुठून? अक्कामुळे. अक्काला झोप नव्हती. दुपारी मेथी निवडता निवडता जुडी हातात तशीच आणि मान छातीवर. डोळे कायम लाल. मामा गंभीर चेहऱ्यानं मला सांगायचे, "आमच्या भावजींनी हिची झोप खाल्ली, सातारा. राक्षसासारखे घोरायचे म्हणे. ते गेले, पण हिची मोडलेली झोप काही जुळली नाही." भावजींचा विषय निघाला की अक्का हातातलं काम टाकून आत निघून जायची. मला वाटायचं, आठवणीनं जीव कासावीस होत असेल बिचारीचा.

तर बहिणीला झोप लागावी म्हणून मामांनी काय काय केलं! पिंजाऱ्याला अंगणात बसवून सावरीच्या कापसाची गादी भरून घेतली. पंधरा दिवस घरभर कापूस उडत होता, आमच्या कॉफीतसुद्धा. मग काथ्याची आणली, मग फोमची. नवी गादी आली की दुसऱ्या दिवशी सकाळी मामा अक्काच्या दाराशी उभे. "कशी झोप झाली?" "अय्यो, काय सांगू तिम्मा, फार छान!" असं म्हणतानाच अक्काला जांभई यायची. मामा तिच्या डोळ्यांत वाकून बघायचे, मान हलवायचे आणि म्हणायचे, "रिजेक्ट." ती गादी मग कुणा नातेवाइकाकडे रवाना. आमच्या यजमानांची पाठ धरली होती, तेव्हा त्यांच्या पाठीखाली आलेली काथ्याची गादी ही अक्काकडून नापास होऊनच आलेली.

ती देतानाही मामांनी सोडलं नाही. यजमानांना उताणं झोपवलं आणि त्यांच्या कमरेखाली हात घालून बघितला. "हात सरसर गेला तर गादी कडक. गेलाच नाही तर मऊ. स्वल्प कुरकुरत गेला पाहिजे." हात गेला, पण कुरकुर यजमानांचीच जास्त. त्यांना गुदगुल्या फार. मामा म्हणाले, "हलू नका, माप चुकतंय!" पण खरं सांगते, त्या गादीवर यजमानांची पाठदुखी थांबली. डॉक्टर 'पाटावर झोपा' म्हणाले होते, त्याला मामा म्हणाले, "पाटावर पोळ्या लाटतात. माणसाला बाक असतो, त्या बाकाला आधार देते ती गादी."

एकदा एम.जी. रोडवर स्प्रिंगच्या गाद्यांचं मोठं दुकान उघडलं. काचेचे दरवाजे, आत टाय लावलेली मुलं. मामा मला आणि सरोजाला घेऊन तिथं गेले. चपला काढल्या, आडवे झाले, कुशीवर वळले आणि टायवाल्याला म्हणाले, "लाईट बंद करा." तो इंग्रजीत म्हणाला की दुकान चालू आहे, गिऱ्हाइकं बघतायत. मामा कानडीत म्हणाले, "बघू देत. गादी उजेडात कशी दिसते ते मला नको. अंधारात कशी लागते ते पाहिजे." शेवटी त्या पोरानं खरंच त्या बाजूचे दिवे घालवले हो! मामांनी डोळे मिटले, चार-दोन वेळा कुशी बदलली, स्प्रिंगा मोजल्यासारखं पाठ घासली आणि उठून म्हणाले, "ही झोपू देत नाही, झुलवते. रिजेक्ट." बाहेर पडताना सरोजा लाजेनं लाल झाली होती, आणि मी हसून हसून खांबाला टेकले होते.

चिकपेटेतले गादीवाले शेट्टर मात्र त्यांच्या जुन्या ओळखीचे. कापडाच्या दुकानांमधून वाट काढत गेलं की एका बोळात त्यांचं दुकान, वर माडीवर गाद्या. तिथं मामांची दोन माणसांच्या गादीसाठी एक खास परीक्षा होती. खालून कॉफीचा पेला मागवायचा, काठोकाठ भरलेला, तो गादीच्या मधोमध ठेवायचा आणि आपण एका कडेला वळायचं. कॉफी सांडली नाही तर गादी पास. "एक जण वळला आणि दुसऱ्याची झोप मोडली, तर तो संसार कसला?" असं मामा म्हणायचे, आणि शेट्टर पेल्याकडे बघत देवाचं नाव घ्यायचे.

आता मुख्य गोष्ट. सरोजाचं जमलं. कॉम्प्युटरच्या संध्याकाळच्या क्लासात भेटलेला दिगंबर, बेळगावकडचा मुलगा, एका नव्या कंपनीत नोकरीला. स्वभावानं गरीब. सरोजा ऑफिसात टाईप करता करता हसायला लागली, तेव्हाच मी ओळखलं होतं. अक्काला पसंत, मला पसंत. पण होकार मामांचा हवा. बापाच्या जागी तेच होते, आणि मामांनी नाही म्हटलं तर सरोजा लग्न करणार नव्हती. मला तिनं स्वच्छ सांगितलं होतं, "मामांना दुखवून मी जाणार नाही. आणि दुसऱ्या कुणाशी करणारही नाही." म्हणजे बघा, केवढं लटकलं होतं एका शब्दावर.

मामांची पहिली हरकत घराची. दिगंबरनं मारतहळ्ळीला खोली घेतली होती. "मारतहळ्ळी? ते गाव आहे की! अंधार पडला की रिक्षावाला तिकडं येत नाही." ते कसंबसं गिळलं. जातपात, पगार, पत्रिका यातलं काही त्यांनी विचारलं नाही. एकच प्रश्न विचारला, "घोरता का?"

दिगंबर गोंधळला. म्हणाला, "माहीत नाही हो मामा. झोपल्यावर माझं माझ्याकडं लक्ष नसतं."

"हुशार आहे," मामा माझ्या कानात म्हणाले. "हुशार माणसं जास्त घोरतात." त्यांचा नियम ठरलेला होता. घोरणाऱ्याच्या घरी मुलगी द्यायची नाही. अक्काचं झालं ते पुरे.

त्यांच्यात नवरीची गादी मामानं द्यायची रीत. त्या रीतीचा मामांनी असा काही वापर केला की मी बघत राहिले. शनिवारी दिगंबरला जेवायला बोलावलं. बिसिबेळे भात, त्यावर तूप, मग होळिगे, म्हणजे आपली पुरणपोळी, त्यावर पुन्हा तूप, शेवटी दहीभात. पोराला नको म्हणायची सोय नव्हती. आणि हात धुतल्या धुतल्या म्हणाले, "चला, गादी बघायला! ज्यांना झोपायचंय त्यांनीच बघायला पाहिजे." रिक्षात मला हळूच डोळा मारला. "पोट भरलंय. गादीवर पडला की झोपेल. झोपला की कळेल. कान उघडे ठेव, सातारा."

शेट्टरांच्या माडीवर मोठी काथ्याची गादी पसरली. मामा एका कडेला आडवे झाले आणि दिगंबरला म्हणाले, "तू तिकडून. समजा, मी सरोजा."

मिशांवरून हात फिरवत बोललेलं ते वाक्य ऐकून शेट्टर पाठमोरे वळले. त्यांचे खांदे हलत होते. दिगंबर बिचारा इस्त्रीच्या शर्टासारखा ताठ पडला. मध्ये कॉफीचा पेला. "आता मी झोपलो," मामांनी जाहीर केलं, "तूही झोप." आणि डोळे मिटले.

पण होळिगे मामांनीही खाल्ली होती ना! दिगंबरपेक्षा जास्त. बघता बघता सोंग संपलं आणि मामा खरेच झोपले. आधी बारीक शीळ आली. मग ट्रक घाट चढायला लागला. अहो, पेल्यातली कॉफी थरथरत होती! खाली रस्त्यावरच्या बाईनं वर मान करून बघितलं. समोरच्या घरात इतकी वर्षं राहून मला हे माहीत नव्हतं. मी सरोजाकडे पाहिलं, तर ती खाली बघत होती. तिला माहीत होतं.

ती मामांना उठवायला पुढे झाली, तसा दिगंबरनं ओठांवर बोट ठेवलं. "झोपू द्या," तो कुजबुजला, "दमलेत ते." आणि आपण हलून मामांची झोप मोडेल म्हणून तो तसाच पडून राहिला, डोळे टक्क उघडे, एका हातानं तो पेला धरून. गिऱ्हाइकं जिना चढून आली, त्यांनाही त्यानं खुणेनं गप्प केलं. हात भरून आला तरी हलला नाही. सरोजा त्याच्याकडे अशी बघत होती की मलाच कुठं बघू असं झालं.

शेवटी एक आवाज असा आला की त्या आवाजानं मामांनाच जाग आली. ते ताडकन उठून बसले, कॉफी सांडली, आणि दिगंबरवर बोट रोखून ओरडले, "घोरतो! ऐकलं मी! माझ्या कानानं ऐकलं! रिजेक्ट!"

दिगंबर रुमाल काढून सांडलेली कॉफी टिपायला लागला. होणाऱ्या मामेसासऱ्याला 'तुम्हीच घोरत होता' असं कुठल्या तोंडानं सांगणार? सरोजाच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

घरी पोचल्यावर मात्र मला राहवलं नाही. मी म्हटलं, "मामा, घोरत होता ते तुम्ही. तो जागा होता."

"मी?" मामा खो खो हसले. "मी घोरत असतो तर आधी मलाच ऐकू आलं नसतं का?"

"आत्ता आलंच की ऐकू!"

"सातारा, तू पोराची बाजू घेतेस. सरी. विचार अक्काला. इतकी वर्षं शेजारच्या खोलीत झोपते ती. अक्का, सांग हिला. मी घोरतो?"

अक्का स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, पदराला हात पुसत. सगळे तिच्याकडे बघायला लागले. मामा हसत होते, दिगंबर चपला घालायच्या बेतात होता, आणि सरोजा आईच्या तोंडाकडे डोळे लावून उभी होती. अक्कानं एकदा भावाकडे पाहिलं, एकदा लेकीकडे.

"होय रे तिम्मा," ती म्हणाली. "तू घोरतोस."

मामांचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यातला जीव गेला. "कधीपासून?"

"मी या घरात आले त्या रात्रीपासून."

"मग भावजी?"

"ते कसले घोरतात! ज्या कुशीवर झोपायचे त्याच कुशीवर सकाळी उठायचे. आवाज नाही. इथं आले त्याच्या दुसऱ्या सकाळी तू विचारलंस, अक्का, डोळे का लाल? काय सांगणार होते? नवरा गेलेला, कडेवर पोर, आणि दार उघडलं ते तू एकट्यानं. तुला सांगू, की तुझ्या घरात मला झोप नाही म्हणून? तोंडाला आलं ते बोलले. मेलेल्या माणसावर आळ घेतला, जिवंत माणसाला वाईट वाटू नये म्हणून." आणि अक्का रडायला लागली. "पण माझ्या खोट्यापायी पोरीचं नको मोडूस रे."

मला वाटलं, मामा आता उठून निघून जातील. एवढ्या गाद्या आणल्या, भरल्या, उसवल्या, वाटल्या. ते उठले, पण भिंतीवरच्या भावजींच्या फोटोसमोर उभे राहिले आणि हात जोडले. "भावजी, फार बोललो तुम्हाला. चुकलं." मग वळून दिगंबरवर खेकसले, "आणि तू! तू का नाही बोललास?"

"तुम्ही दमलेले दिसलात, मामा."

"दमलो नव्हतो. जास्त जेवलो होतो," मामा म्हणाले. "चपला काढ. बस. सरोजा, कॉफी कर. याची कॉफी मी सांडली."

लग्न झालं. ती काथ्याची गादी मामांनी टेम्पोत स्वतः बसून मारतहळ्ळीला पोचवली, तिकडच्या रस्त्याला शिव्या देत. आणि त्याच आठवड्यात आपलं अंथरूण उचलून ते अंगणापलीकडच्या, जुन्या सामानाच्या खोलीत गेले. अक्का भांडली, रुसली, जेवली नाही. मामा ऐकेनात. "मला तिथं वारा छान लागतो," म्हणाले. त्या खोलीला खिडकी नव्हती.

पुढे आमचीही बदली आली. निघायच्या दिवशी सकाळी सामान टॅक्सीत चढलं आणि मी निरोप घ्यायला समोर गेले. मामा पायरीवर बसले होते, तोंडावर बोट. दूधवाल्याला त्यांनी गल्लीच्या तोंडाशीच सायकलवरून उतरवलं होतं. सोप्पूवाली पालेभाजीची टोपली घेऊन मुकाट उभी होती. तिला ओरडायची परवानगी नव्हती.

"अक्का झोपलीय," मामा कुजबुजले. "ऊन वर आलं, तरी झोपलीय." चेहऱ्यावर नुसता अभिमान. मग लगेच कपाळाला आठी. "सातारा, एवढा वेळ कोण झोपतं गं? स्वल्प आत जाऊन बघून येतेस? श्वास बिस..."

मी चवड्यावर चालत आत गेले. अक्का कुशीवर झोपली होती, तोंड अर्धवट उघडं, आणि चांगली खणखणीत घोरत होती. मी तोंडात पदर कोंबून बाहेर आले.

"मामा, झोपल्यात. आणि घोरतायत!"

मामा उठले, दार बोटभर ढकललं आणि फटीला कान लावला. ऐकता ऐकता डोळे भरून आले, मिशांत हसू मावेना. टॅक्सीवाल्यानं हॉर्न दिला, तसा त्याच्याकडे त्यांनी असा हात उगारला की तो सीटवर आक्रसला. मी वाकून नमस्कार केला. पाठीवर हात ठेवून ते हळूच म्हणाले,

"तिला सांगू नको हं, सातारा. बिचारीला वाईट वाटेल."